वजनं लावलेलं पितळी झुंबर: तेलाचं की गॅसचं? आणि परत पेटवता येईल का?

बाळीवेसकर

जुन्या माळवदी वाड्याच्या दिवाणखान्यातलं पितळी झुंबर दुरुस्तीसाठी खाली उतरवलंय. काम झालं की परत तिथंच टांगायचं आहे.

मधला दांडा पोकळ आहे, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा. बाहेरची नळी ३२ मि.मी. दांड्याच्या वर तीन छोट्या कप्प्या, त्यांवरून साखळ्या आणि साखळ्यांना पेरूएवढी तीन जड वजनं. खाली लोट्यासारखा फुगीर भाग, त्यातून बाक दिलेले तीन हात. प्रत्येक हातावर पानाच्या आकाराची चपटी चावी आहे. ती पाव फेरा फिरून थांबते. दोन फिरतात, एक गच्च बसली आहे. हातांची टोकं वर वळलेली, त्यांवर पांढरट दगडी बोंडं आणि बोंडावर करवतीनं मारावी तशी बारीक चीर. काचेच्या शेड दोनच उरल्यात, वेलबुट्टीच्या, खालचं तोंड ६७ मि.मी.

जुन्या वस्तूंचा एक व्यापारी म्हणतो, तेलाचंच आहे, सोलापुरात गॅस कुठला? पण तेलाची टाकी कुठंच दिसत नाही. तर हे नेमकं काय आहे, वजनं कशासाठी, आणि गॅसचं असेल तर घरच्या सिलिंडरवर एखाद्या सणाला पेटवता येईल का?

तोटी_आणि_आटे

गॅसचं आहे. "अमुक गावात गॅस होता का" यावरून दिव्याचं इंधन ठरवू नका. झुंबर रेल्वेनं मुंबईहूनही येतं आणि लिलावातूनही येतं. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले, कोलकात्यात त्याच्याही आधी. झुंबरं बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचं तर कोलकात्यात स्वतःचं दुकान होतं. म्हणून वस्तू वाचायची, गाव नव्हे.

तेलाच्या दिव्याला तेल साठवायला जागा लागते, वात वर-खाली करायला दातेरी चाक लागतं, आणि तेल आपणहून नळीतून वर चढत नाही म्हणून हात पोकळ असायचं कारण नसतं. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे. हात पोकळ, हातागणिक तोटी, आणि तोटीला पाव फेऱ्याची अडवण. खात्री हवी असेल तर वरच्या टोकातून फुंका. चावी उघडल्यावर बोंडातून हवा आली पाहिजे, बंद केल्यावर थांबली पाहिजे.

दुसरी खूण आट्यांची. व्हर्निअरनं (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीनं) हाताच्या टोकाचे बाहेरचे आटे मोजा. ९.७ मि.मी. आणि इंचाला २८ आटे भरले तर तो पाव इंचाच्याही खालचा, म्हणजे १/८ इंची गॅस आटा. १३.२ मि.मी. आणि इंचाला १९ म्हणजे पाव इंची. १६.७ आणि १९ म्हणजे ३/८ इंची. आपले प्लंबर आजही पाण्याच्या पाइपाला "गॅस आटे" म्हणतात ते इथूनच आलेलं आहे. पाइप पाण्याचा, नाव दिव्याचं.

आता बोंडाची चीर. ती काळ सांगते. विल्यम मर्डॉकनं १७९२ मध्ये कॉर्नवॉलमधल्या रेडरूथच्या घरात दगडी कोळशाचा गॅस पेटवला तेव्हा बर्नर म्हणजे नळीच्या टोकाला भोक, एवढंच. लंडनमध्ये गॅस कंपनीला सनद मिळाली १८१२ साली आणि ३१ डिसेंबर १८१३ ला वेस्टमिन्स्टर पूल उजळला. भोकाऐवजी चीर दिली की ज्योत पंख्यासारखी चपटी पसरते, तिला वटवाघळाच्या पंखाचा बर्नर म्हणत. दोन तिरकी भोकं समोरासमोर दिली की दोन धारा एकमेकींवर आपटून माशाच्या शेपटीसारखी ज्योत होते. सुरुवातीची बोंडं लोखंडी असत, ती गंजून चीर बुजायची आणि ज्योतीला शिंगं फुटायची. म्हणून पुढे शंखजिऱ्याची, म्हणजे भाजून कडक केलेल्या सोपस्टोनची बोंडं आली. तुमचं "दगडी" बोंड तेच. चीर साफ करायला सुई किंवा ब्लेड घालू नका, कागदाची कड पुरते.

मँटल (ज्योतीवर बसवायची, तापून उजळणारी जाळी) मात्र तुमच्या झुंबराला कधी लागलेलं दिसत नाही. मँटलला आधी हवा मिसळून निळी ज्योत करावी लागते, म्हणजे बर्नरच्या बुडाशी हवेची भोकं हवीत. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखचं पहिलं पेटंट १८८५ चं, पण ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे जमलेलं मिश्रण १८९१ चं. त्याच गॅसमध्ये पाच-सहापट उजेड मिळायला लागल्यावर उघडी ज्योत झपाट्यानं मागं पडली. (वरातीत डोक्यावर नाचायची ती आपली गॅसबत्ती या मँटलचीच नात. नावात गॅस, पोटात पंप मारलेलं रॉकेल.)

शेडचं अरुंद तोंडही जुन्या पद्धतीचं आहे. अरुंद तोंडातून हवा जोरात खेचली जाते आणि उघडी ज्योत फडफडते. हे कळल्यावर चार इंच आणि त्याहून रुंद तोंडाच्या शेड आल्या.

पितळेवर कुठं चौकटसारखं उभं चिन्ह आहे का ते भिंगानं बघा. ब्रिटिश नोंदणीचं हिऱ्याच्या आकाराचं चिन्ह १८४२ ते १८८३ पर्यंत चाललं. त्याच्या माथ्यावरच्या वर्तुळात रोमन एक असेल तर धातू, तीन असेल तर काच. वर्षाचं अक्षर १८६७ पर्यंत हिऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात, १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात. १८८४ पासून नुसता क्रमांक येतो.

पाणी_सरक

वरचं सगळं बरोबर. आता वजनांचं, कारण खरी गंमत आणि खरा धोका तिथंच आहे.

याला वॉटर स्लाइड म्हणत. उघडी ज्योत वाचायला, शिवायला जवळ लागते आणि एरवी डोक्याच्या वर लागते, म्हणून झुंबर खाली ओढता यायला हवं. पण नळी सरकती केली की गॅस सांध्यातून निसटणार. त्यावर तोडगा असा: छताला पक्की असलेली नळी खालच्या दुपदरी नळीच्या दोन भिंतींमधल्या पाण्यात बुडवून ठेवायची. नळी सरकते, गॅस मात्र पाण्याखालून जाऊ शकत नाही. वजनं तराजूसारखी झुंबर तोलून धरतात, म्हणून बोटानं ढकललं तरी ते हवं तिथं थांबतं. वजनांच्या पितळी कवचात बहुधा शिसं ओतलेलं असतं. उघडून पाहायची गरज नाही, हाताळल्यावर हात धुवा म्हणजे झालं.

बिघाड व्हायचा तो पाणी आटल्यामुळं. झुंबर पूर्ण खाली ओढलं की नळीचा फार थोडा भाग पाण्यात उरतो. पाणी कमी असेल तर त्या क्षणी सील तुटते आणि गॅस खोलीत येतो, तोही पेटत्या ज्योतीच्या हातभर वर. इंग्लंडच्या थंड हवेतसुद्धा पाण्यावर तेलाचा थर घालायला सांगत, वाफ कमी व्हावी म्हणून. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४३ वर असताना, दोन नळ्यांमधलं ते बोटभर पाणी किती टिकणार?

आता सिलिंडर. नाही म्हणजे नाही, आणि कारणं नुसत्या "जुनं आहे, गळेल" एवढी ढोबळ नाहीत.

पहिलं दाबाचं. शहरी कोळसा-गॅस घरात यायचा तो पाण्याच्या दोन ते चार इंच उंचीच्या दाबानं. पाण्याची सील तेवढ्यासाठीच केलेली. आपल्या घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर देतो ३० मिलिबार, म्हणजे पाण्याची सुमारे ३० सें.मी., बारा इंच. तो दाब सीलमधलं पाणी सरळ वर उडवून देईल आणि त्यामागून गॅस येईल. नळ्या नव्या कोऱ्या असल्या तरी हेच होणार.

दुसरं बोंडाचं. एलपीजीत घनमीटरमागे उष्णता कोळसा-गॅसच्या पाच ते सहापट. बर्नरपाशी जुना दाब इंचभर धरला तर नवा बारा पट. बारा पट दाबानं प्रवाह साडेतीन पट होतो, पण एलपीजी सुमारे चौपट जड म्हणून तो निम्म्यावर येतो, म्हणजे पावणेदोन पट. त्याला साडेपाचनं गुणा. त्याच चिरेतून नऊ-दहा पट उष्णता. हातभर पिवळी, काजळी ओकणारी ज्योत, आणि वर तुमचा लाकडी कडीपाट.

तिसरं वजनाचं. कोळसा-गॅसमध्ये निम्मा हायड्रोजन, म्हणून तो हवेहून हलका. गळाला तर वर जायचा आणि छताजवळच्या झरोक्यातून निघायचा. (त्यात कार्बन मोनॉक्साइडही असायचा, म्हणून निरुपद्रवी समजू नका.) एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड. झुंबराच्या तोटीतून गळालेला गॅस खाली उतरून जोत्याशी, गालिच्याखाली, तळघर असेल तर तळघरात साचतो.

तोट्यांबद्दल एकच: त्या निमुळत्या खुंटीच्या असतात, प्रत्येक खुंटी आपल्याच घरात घासून बसवलेली. सगळ्या खुंट्या एकदम काढून धुतल्या आणि अदलाबदल झाली की तीनही तोट्या कायमच्या बाद. काढताना खुंटीवर आणि घरावर जोडीनं एक, दोन, तीन ठिपके मारा.

बाळीवेसकर

मोजलं. हातांच्या टोकाचे आटे ९.७ मि.मी., दांड्याच्या वर १६.६. फुंकून पाहिलं, दोन हातांतून हवा येते. फुगीर भागाच्या बुडाशी हिऱ्याचं चिन्ह आहे, वर रोमन एक, अक्षरं झिजलीत पण उजव्या कोपऱ्यात अक्षर आहे आणि वरच्या कोपऱ्यात आकडा.

सिलिंडरचा विचार सोडला. मग वीज. पण भोकं न पाडता, उद्या कुणाला मूळ रूपात आणायचं झालं तर आणता यावं असं करायचं आहे. आणि ती गच्च चावी कशी सोडवू? पितळ चिंचेनं घासलं तर चालेल का?

तोटी_आणि_आटे

उजवीकडे अक्षर आणि वर आकडा, म्हणजे वर दिवस आणि उजवीकडे वर्ष. १८६८ ते १८८३ मधली नोंदणी. हे नक्षीच्या नोंदणीचं साल आहे, वस्तू त्यानंतर काही वर्षं बनत राहिलेली असू शकते.

लेथ_नं_३

भोक पाडायचं काहीच कारण नाही, गॅसची वाट हीच वायरची वाट.

हातांच्या टोकाला बोंड जिथं बसतं तिथं पितळी बुश हवा: एका बाजूला आतून १/८ इंची गॅस आटे, दुसऱ्या बाजूला बाहेरून एम-१० गुणिले १ (१० मि.मी. व्यास, १ मि.मी. अंतराचे) आटे, मध्ये ६ मि.मी. आरपार भोक. होल्डरच्या बुडाचे आटे हेच असतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला तीन नग काढून देईल. फक्त बुशाच्या आतल्या कडा गोल करून घ्या, नाहीतर धारदार कडेवर वायरचं आवरण सोललं जातं. अशा दिव्यांतला शॉर्ट जवळजवळ नेहमी कडेवरच होतो. मूळ बोंडं कापसात गुंडाळून डबीत ठेवा.

होल्डर लहान, ई-१४ (१४ मि.मी.च्या आट्यांचा). दिवे ४ वॅटचे फिलामेंट एलईडी, २२०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. ६५०० चा पांढरा लावलात तर पितळ हिरवट दिसतं आणि शेडची वेलबुट्टी मरते. तीन दिव्यांचे १२ वॅट म्हणजे २३० व्होल्टला ०.०५ अँपिअर, तेव्हा हातातून ०.५ चौ. मि.मी. वायर भरपूर झाली. पण साधी पीव्हीसी घेऊ नका. टेफ्लॉन आवरणाची घ्या, बाहेरचा व्यास दीड मि.मी.च्या आसपास, म्हणजे दोन वायर तोटीच्या खुंटीतल्या भोकातूनही सरकतात.

खुंटीतून वायर गेली की ती चावी कुणी फिरवता कामा नये, कात्रीसारखी कापेल. चावी उघडी ठेवून खालचा स्क्रू घट्ट आवळा आणि वायसरखाली पातळ फायबरची चकती घाला म्हणजे ती फिरत नाही. लहान मुलं हाताशी पोचतील अशा उंचीवर असेल तर खुंटी काढून ठेवा आणि तिच्या जागी लाकडाची पोकळ खुंटी बसवा.

तीनही हातांच्या वायर फुगीर भागात एकत्र येतील, तिथं कनेक्टर. तिथून वर छतापर्यंत तीन कोरची ०.७५ चौ. मि.मी. केबल. तिसरी तार अर्थिंगची, ती सोडायची नाही, सगळं अंगच धातूचं आहे. ही तार फुगीर भागाला रिंग लगवर (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) पक्की करा, आणि मग मल्टिमीटरनं प्रत्येक हाताचं टोक ते अर्थ असा रोध मोजा, एक ओहमच्या आत हवा. आट्यांत जुना सफेदा आणि वाळलेलं ग्रीस असतं, ते विजेला अडवतं. जास्त आला तर तो हात सोडवून आटे साफ करा.

सरकतं काम बंद करा. पाणी काढल्यावर झुंबर हलकं झालेलं असतं, त्यामुळं वजनं ते वर ओढतात आणि वायर आत दुमडते. हवी त्या उंचीवर आणून आतली आणि बाहेरची, दोन्ही नळ्या धरणारा दोन भागांचा पितळी क्लॅम्प बसवा, म्हणजे नळी वरही सरकणार नाही आणि खालीही. साखळ्या आणि वजनं दिसायला राहू देत, पण भार साखळीवर ठेवू नका. ३ मि.मी.ची स्टीलची दोरी दांड्याच्या आतून फुगीर भागापासून थेट छताच्या हुकापर्यंत, किंचित सैल. दांड्याचा सांधा कधी दगा देईल तेव्हाच तिच्यावर वजन यावं.

आणि हूक. माळवदात कडीपाटाला किंवा दोन कड्यांमधल्या फळीला काही टांगू नका. तुळईच. आधी तुळई पेचकसाच्या मुठीनं ठोकत जा. बद्द आवाज आला तर आत वाळवी आहे. लाकडात पिळून बसणारा हूक सुकत्या लाकडात कालांतरानं सैल पडतो. १० मि.मी.चा बोल्ट तुळईतून आडवा आरपार, दोन्ही बाजूंना पट्ट्या, आणि पट्ट्यांना हूक. तुळईच्या मधल्या उंचीवर भोक घ्या, तळाशी नको, तळाला ताण सर्वांत जास्त असतो. टांगण्याआधी झुंबराच्या चौपट वजनाची वाळूची पोती एक दिवस लटकवून ठेवा.

पाणी_सरक

चावीबद्दल. पक्कड लावून पान पिरगाळू नका, पान ओतीव आहे, तुटतं. खालचा स्क्रू दोन फेरे सैल करा, काढू नका. रॉकेल सोडा, एक रात्र ठेवा. सकाळी हेअर ड्रायरनं तोटीचं बाहेरचं घर गरम करा (आधी रॉकेल पुसून, वाळवून), आणि स्क्रूच्या डोक्यावर लाकडी हातोडीनं खालून वर हलका ठोका. निमुळती खुंटी वरच्याच बाजूनं सुटते. जमलं नाही तर तेच परत. तीन-चार फेऱ्यांत सुटते.

चिंच नको. त्या काळचं चांगलं पितळ आम्लात बुडवून उजळत आणि वर सोनेरी छटेचं लॅकर देत. चिंच, लिंबू, पितळेची पावडर यांनी ते लॅकर ठिकठिकाणी उतरतं आणि झुंबर कोड फुटल्यासारखं दिसतं. आम्ल जास्त वेळ राहिलं तर जस्त निघून तांबूस डागही पडतात, ते पॉलिशनं जात नाहीत. फुगीर भागाच्या बुडाशी कापसावर अॅसिटोन घेऊन एक टिपका पुसा. कापूस पिवळसर आला तर लॅकर शिल्लक आहे, मग साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं पुसणं, एवढंच. आपलं पाणी जड, थेंब वाळला की पांढरा ठिपका राहतो, शेवटचं धुणं आरओच्या पाण्यानं करा. लॅकर अजिबात उरलेलं नसेल तर हवं तसं उजळा.

नळ्यांच्या आतला काळा थर खरवडू नका. दांड्याच्या वरच्या पितळेवर काळपट-हिरवट चट्टे असतील तर ते गॅसमधल्या गंधकाचे. चुन्यातून गॅस धुऊनही गंधक पूर्ण जात नसे. याच धुरानं तेव्हाच्या दिवाणखान्यांची छतं काळी पडत आणि पुस्तकांच्या चामडी बांधण्या भुसभुशीत होत.

काचकंदील

थोडं विषयाला सोडून. माझ्याकडे टाकी, दोन समांतर वाती आणि दोन चाकं असलेला टेबलावरचा दिवा आहे, बर्नरवर हिंक्स अशी मोहर. काच फुटली. नवीन कुठली बसेल, आणि काच तडकू नये म्हणून मिठाच्या पाण्यात उकळून घेतात ते खरं का?

तोटी_आणि_आटे

तो तेलाचा, ड्युप्लेक्स बर्नर, बर्मिंगहॅमच्या हिंक्सनं १८६५ साली काढलेला. एका रुंद वातीपेक्षा जवळजवळ ठेवलेल्या दोन वाती एकमेकींना तापवतात आणि मधून हवेचा झोत जातो, म्हणून उजेड जास्त. काच बुडाशी ६४ मि.मी.ची लागते, पोट ज्योतींच्या उंचीवर फुगलेलं. कोनाड्यातल्या कंदिलाची काच चालणार नाही, तिचं पोट खाली असतं. जर्मन कॉस्मॉस बर्नर असता तर १० रेषांच्या (रेषा म्हणजे बर्नरच्या आकाराचं जुनं माप) आकाराला ४३ मि.मी. आणि १४ रेषांच्या आकाराला ५३ मि.मी. काच लागली असती. बूड मोजून मागवा, "मोठी काच" असं सांगून नको.

उकळण्यानं काचेचं काही होत नाही. साध्या काचेतला ताण निघायला साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवून सावकाश थंड करावं लागतं, पाणी शंभराच्या वर जात नाही. काच तडकते ती तीन कारणांनी: पकडीच्या पाकळ्या इतक्या आवळलेल्या की तापल्यावर फुगायला जागा नाही, वात पेटवताक्षणी मोठी केली, किंवा एका वातीचा कोपरा वर राहून ज्योत काचेला चाटली. पाकळ्या बाहेर वाकवा, काच किंचित हलली पाहिजे. वाती सरळ कापून दोन्ही कोपरे टोचभर उतरवा. नवी वात पेटवण्याआधी अर्धा तास तेल पिऊ द्या. पेटवल्यावर पाच मिनिटं बारीक, मग वर.

टाकी पाऊणच भरा. रॉकेलच, दुसरं काही नाही. पेट्रोल, थिनर किंवा त्यांची भेसळ असलेलं तेल टाकीतच वाफ धरतं आणि टाकीचा स्फोट होतो. पेटत्या दिव्यात तेल घालायचं नाही. धूर येत असेल तर वात बघण्याआधी बर्नरच्या तळाची जाळी बघा. ती धुळीनं आणि मेलेल्या किड्यांनी बुजते, हवा कमी पडते आणि दोष वातीवर जातो. सोड्याच्या पाण्यात उकळून (बर्नर उकळा, काच नव्हे) ब्रशनं घासा.

बाळीवेसकर

खुंटी तिसऱ्या रात्रीनंतर सुटली, ठिपके मारले. तुळई ठोकून पाहिली, भिंतीकडच्या टोकाला हातभर बद्द आवाज येतो, मधला भाग टणक आहे. बोल्ट मध्ये घेतला तर चालेल की आधी टोक बघायला हवं?

लेथ_नं_३

आधी टोक. तुळईचा सगळा भार भिंतीत टेकलेल्या त्याच टोकावर उतरतो, झुंबराचं वजन त्यापुढं किरकोळ. सुताराकडून भिंतीचा गिलावा फोडून टेकण बघून घ्या, आणि तोवर त्या टोकाखाली टेकू द्या.